तोच आणि तसाच : गोष्टीतली जुळी, घरातली जुळी

आजचा विषय आहे जुळी. नाटक-सिनेमा-कादंबरीतली जुळी, आणि आपल्या नात्यात, शेजारात असतात ती जुळी. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर का बोलावं, असं कुणाला वाटेल. कारण असं की, एक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो पुस्तकात भेटतो. जुळ्यांच्या आईबापांना तो पाळण्यात भेटतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तर तुम्हाला मला धरता येईल.

मराठीत दोन साधे शब्द आहेत, 'तोच' आणि 'तसाच'. बोलताना आपण ते बिनदिक्कत मिसळतो. दुकानात जाऊन म्हणतो, "मागच्या वेळी नेला होता तोच साबण द्या." तोच कसा देणार? तो तर आपण अंगाला लावून संपवला. (हशा) दुकानदार तसाच देतो आणि आपण समाधानाने घरी येतो. साबणाच्या बाबतीत हे चालतं, कारण तसाच साबण तेच काम करतो. माणसाच्या बाबतीत चालत नाही. हरवलेल्या मुलाच्या जागी तसाच दुसरा मुलगा आणून दिला, तर कुठली आई समाधान पावेल? जुळी नेमकी या दोन शब्दांच्या मध्ये उभी असतात. एक दुसऱ्यासारखा दिसेल, पण तो दुसरा कधीच नसतो.

तर मुद्दा असा. जुळ्यांच्या बहुतेक गोष्टी तसाच असलेल्याला तोच समजण्याच्या गफलतीवर उभ्या असतात. ही गफलत बाहेरच्या माणसाची असते. घरात ती फारशी टिकत नाही. पहिले काही दिवस एकाच्या पायात काळा दोरा बांधतात, मग दोरा तुटून पडला तरी आईला काही फरक पडत नाही. रडण्यावरून, दूध पिण्याच्या तऱ्हेवरून तिला कळतं. घरातला प्रश्न वेगळाच असतो. हा त्याच्यासारखा का नाही? आणि त्याच्याही खाली, ही दोन माणसं आपण पुरती दोन म्हणून मोजतो का? जुळ्यांची चांगली गोष्ट गफलतीपासून सुरू होते आणि या मोजणीपर्यंत येते. बाकीच्या गोष्टी हसवतात आणि तिथेच सोडून देतात. आज याच कसोटीवर काही कृती घासून पाहू.

सुरुवात रोमपासून करू. प्लॉटस नावाचा नाटककार इसवी सनापूर्वी दोनशेच्या आसपास होऊन गेला. त्याचं 'मेनेक्मी' हे नाटक जुळ्यांच्या घोटाळ्याचं मूळ घराणं म्हणायला हरकत नाही. एक भाऊ लहानपणी हरवलेला, दुसरा मोठा होऊन त्याला शोधत एका गावात येतो, आणि गाव त्याला पहिला समजून बसतं. नाटक पोट धरून हसवतं. पण त्याच्या प्रास्ताविकात एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. दोघांची नावं एकच कशी? तर मुलगा हरवल्यावर बाप त्या दुःखाने गेला, आणि आजोबांनी घरात उरलेल्या मुलाचं नाव बदलून हरवलेल्याचं नाव त्याला दिलं. म्हणजे उरलेल्या मुलाने स्वतःचं नाव गमावलं. तो तसाच होता, म्हणून त्याला तोच करून टाकलं. विनोदी नाटकाच्या पायाखाली घरातली ही इतकी दुखरी गोष्ट पुरलेली आहे. प्लॉटस ती सांगतो आणि पुढे निघून जातो.

शेक्सपिअरने हे कथानक उचललं आणि 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये नोकरांचीही एक जुळी जोडी घातली. घोटाळा दुप्पट झाला. १५९४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये हे नाटक झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे विद्यासागरांनी १८६९ मध्ये त्याचं बंगालीत 'भ्रांतिबिलास' केलं, आणि तुम्हा-आम्हाला ते माहीत आहे ते गुलज़ारांच्या 'अंगूर'मुळे. १९८२ सालचा सिनेमा. दोन अशोक, दोन बहादुर. संजीवकुमार आणि देवेन वर्मा यांनी दुहेरी भूमिकांचा जो आनंद दिला त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अजूनही लागला की बसून बघतो.

पण आता समीक्षक म्हणून एक प्रश्न विचारू. या नाटकात फसतं कोण? सोनार फसतो, व्यापारी फसतो, गावातले लोक फसतात. ते ठीक. पण बायको फसते. एड्रिआना परक्या माणसाला नवरा समजून घरात घेते, जेवायला बसवते, आणि खरा नवरा दार ठोठावत बाहेर उभा राहतो. आपण हसतो. पण थांबून विचार करा. जिच्यासोबत संसार केला तिला जेवणाच्या ताटावर कळू नये? तिचं बोलणं नीट ऐकलं तर उत्तर सापडतं. ती मघापासून तेच तर सांगते आहे की हा माणूस हल्ली माझा राहिलेला नाही, ओळखीचा वाटत नाही. नवरा आधीच परका झालेला आहे. म्हणून परका माणूस नवरा म्हणून खपतो. जुळा भाऊ येण्याच्या आधीच त्या घरात गफलत झालेली आहे. तो येतो आणि ती फक्त उघडी पडते.

शेवटचा प्रवेश तर याहून तिखट आहे. म्हातारा बाप, इजिअन, मृत्युदंडाला निघालेला. समोर मुलगा दिसतो. आता हा सोडवेल म्हणून तो आशेने हाक मारतो, आणि मुलगा म्हणतो, मी जन्मात माझ्या बापाला पाहिलेलं नाही. कारण बापाने वाढवला तो दुसरा. समोर उभा आहे तो लहानपणी ताटातूट झालेला. दोन्ही त्याचीच मुलं, आणि तरी त्या क्षणाला बाप पोरका होतो. 'तसाच' माणसाला किती खोल जखम करू शकतो, हे शेक्सपिअरला इथे दिसलेलं आहे. प्रहसन आहे म्हणून तो तिथे रेंगाळत नाही, पण पाहणाऱ्याने रेंगाळायला हवं.

आणि सगळ्यात शेवटी रंगमंचावर कोण उरतं? दोन नोकर. त्यांच्यात प्रश्न निघतो, आत आधी कोण जाणार? मोठा कोण? चिठ्ठी टाकायची गोष्ट निघते. मग ते ठरवतात की पुढे-मागे नको, हातात हात घालून जाऊ. माझ्या मते संपूर्ण नाटकात घरातल्या जुळ्यांबद्दल सगळ्यात खरं वाक्य हेच. कारण 'तू कुठला' हा गावाचा प्रश्न असतो. 'आधी कोण' हा घराचा असतो.

हिंदी सिनेमाचा डबल रोल पाहा. 'राम और श्याम' १९६७, 'सीता और गीता' १९७२. सूत्र एकच. एक गरीब गाय, दुसरा किंवा दुसरी वाघ. दुबळ्याच्या जागी दांडगा येतो आणि छळणाऱ्याला चाबूक खावा लागतो. हा सूडाचा आनंद आहे, आणि सोसणाऱ्या प्रेक्षकाला तो हवाच असतो. पण मला त्यात दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सीताची काकी गीताला ओळखत का नाही? कारण तिने सीतेकडे कधी पाहिलेलंच नाही. घरात राबणारे दोन हात तिने पाहिले. हातांना चेहरा नसतो. न ओळखणं ही तिथे डोळ्यांची चूक नाही, ती वागण्याची सवय आहे. दिग्दर्शकाने हे मुद्दाम सांगितलं असेल असं नाही, पण सिनेमा ते सांगतो. मात्र त्या दोन बहिणी एकमेकींच्या कोण, हे सांगायला त्याच्याकडे वेळ नसतो. ट्रिक फोटोग्राफीत दोघी शेजारी उभ्या राहिल्या की काम झालं. म्हणजे माझ्या कसोटीवर हा सिनेमा अर्ध्या वाटेपर्यंत येतो.

आता घरात येऊ.

आपल्याकडे जुळ्यांची सुरुवात केळ्यापासून होते. जुळं केळं खाऊ नकोस, जुळी होतील, हे इथे बसलेल्या बहुतेकींनी ऐकलं असेल. (हशा) त्यात गंमत आहे, आणि थोडी भीतीही आहे. एका पोटी दोन म्हणजे दुप्पट आनंद, तशी दुप्पट जोखीम. पूर्वी बाळंतपणात ती फार मोठी होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे आता जगात जन्मणाऱ्या दर ४२ बालकांत एक जुळ्यांपैकी असतं. उशिरा होणारी मुलं आणि कृत्रिम गर्भधारणेचे उपचार, ही त्याची दोन मोठी कारणं. म्हणजे हा विषय पुराणातला उरलेला नाही, तो आपल्या सोसायटीतला झाला आहे.

जन्मल्याबरोबर पहिला प्रश्न, मोठा कोण? पाच मिनिटांचा फरक असतो, पण एक जन्मभराचा दादा होतो आणि दुसरा जन्मभराचा धाकटा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव आणि याकोब यांची गोष्ट आहे. याकोब जन्मला तोच भावाची टाच धरून. पुढे थोरल्या एसावाने भुकेपोटी मसुराच्या आमटीवर आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला. आंधळ्या बापाला फसवून याकोबाने आशीर्वादही घेतला. गंमत अशी की हे दोघं दिसायला मुळीच सारखे नाहीत. एक केसाळ, एक गुळगुळीत. बापाला आवाजावरून संशयही येतो. इथे गफलत घडवून आणली आहे ती आईने, कारण बापाचा लाडका एक आणि आईचा लाडका दुसरा. घरातल्या जुळ्यांची गोष्ट म्हणून मला ती रोमन नाटकापेक्षा कितीतरी खरी वाटते. तिथे चेहऱ्यांचा काही संबंधच नाही. आहे ती वाटणी.

'मोठा कोण' याचं उत्तर सगळीकडे एकच आहे असंही समजू नका. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांची नावं ठरलेली असतात. आधी येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. आणि मोठा मानतात केहिंदेला! त्यांचं म्हणणं, मोठ्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जा, जग कसं आहे ते बघून ये. घड्याळ तेच, मिनिटं तीच, ज्येष्ठत्व उलट. म्हणजे थोरला-धाकटा हे जन्माने ठरत नाही, ते आपण ठरवतो.

दुसरा प्रश्न पत्रिकेचा. हा तर आपल्या घरांतला हक्काचा. दोघांची पत्रिका जवळजवळ एकच, मग एकाचं लग्न ठरतं आणि दुसऱ्याचं का अडतं? पाचव्या शतकात संत ऑगस्टिनने 'सिटी ऑफ गॉड'च्या पाचव्या भागात हाच प्रश्न ज्योतिषांना विचारला आहे. त्याआधी निगिडिअस नावाच्या रोमन विद्वानाने उत्तर दिलं होतं. त्याने कुंभाराचं चाक जोरात फिरवलं आणि शाईने पटापट दोन ठिपके एकाच जागी दिल्यासारखे दिले. चाक थांबलं तेव्हा ठिपके बरेच लांब होते. त्याचं म्हणणं, आकाश असंच वेगाने फिरतं. जुळ्यांतली दोन मिनिटं म्हणजे आकाशातलं मोठं अंतर. ऑगस्टिनचं उत्तर मोठं मार्मिक आहे. त्याचा आशय असा की, इतक्या बारीक फरकाने नशीब बदलत असेल, तर बाकीच्यांच्या पत्रिका तुम्ही अंदाजाच्या वेळेवर कशा मांडता? फरक मोठा म्हणाल तर विद्या बुडते, लहान म्हणाल तर जुळी तिला खोटं पाडतात. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण मी नेहमी देत असे, आणि विद्यार्थी हमखास आपापल्या घरातली जुळी मोजायला लागत.

तिसरी गोष्ट शिक्क्यांची. एक 'हुशार', दुसरा 'मस्तीखोर'. एक 'शांत', दुसरी 'आगाऊ'. आईबाप हे दुष्टपणाने करत नाहीत. दोघांना वेगळं ओळखायचं असतं, म्हणून दोघांत गुणांची वाटणी करतात. पण वाटणीत एक अन्याय असतो. हुशारी एकाला देऊन टाकली की दुसऱ्याने अभ्यास करायचा कशाला? खरं तर दोघंही थोडे हुशार आणि थोडे मस्तीखोर असतात. एकाच रंगाचे कपडे घालणं ही एक चूक, आणि स्वभाव जबरदस्तीने वेगळे रंगवणं ही तिची जुळी बहीण. (हशा) दोन्हींत एकाकडे पाहताना नजर दुसऱ्यावरच असते.

आता महाभारताकडे येतो, कारण आपल्याकडची जुळ्यांची सगळ्यात सखोल गोष्ट तिथे आहे आणि आपण ती जुळ्यांची गोष्ट म्हणून वाचत नाही. नकुल आणि सहदेव. पाच पांडवांत ते दोन असे एकत्रच घेतले जातात, जणू जोडनाव. आदिपर्वात त्यांच्या जन्माची हकीकत पाहा. कुंतीने माद्रीला मंत्र दिला तो एकदा वापरण्यापुरता. माद्रीने अश्विनीकुमारांना बोलावलं, ते स्वतःच दोन, त्यामुळे मुलं दोन झाली. पुन्हा मंत्र द्यायला कुंती तयार नाही. तिची तक्रार अशी की एका आवाहनात हिने दोन मिळवले, मी फसले. म्हणजे जुळी जन्मली आणि घरात पहिली चर्चा झाली ती मोजणीची! सवतींच्या हिशेबात एक म्हणून दिलेले दोन निघाले. व्यासांना घर किती ठाऊक होतं ते बघा.

पुढे वनपर्वात यक्षप्रश्न. चारही भाऊ निपचित पडलेले. यक्ष म्हणतो, एकाला उठवतो, कोण हवा? युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कारण देतो, कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. न्याय म्हणून हे उत्तर आपण शतकानुशतकं वाखाणलं. योग्यच आहे. पण सहदेवाच्या बाजूने एकदा उभं राहून बघा. नकुलच का? त्याचं कारण युधिष्ठिर देत नाही. माद्रीचा 'एक' हवा, मग त्या जागी नकुल काय, सहदेव काय. दोन आयांमध्ये न्याय झाला. जुळ्या भावांमध्ये न्यायाचा प्रश्नच आला नाही. यक्ष प्रसन्न होऊन सगळ्यांना उठवतो म्हणून आपण सुटतो. पण प्रश्न तिथेच पडलेला आहे.

आणि महाभारत तो उचलतं, अगदी शेवटी. महाप्रस्थानात द्रौपदीनंतर सहदेव पडतो, मग नकुल. भीम विचारतो, का पडले? युधिष्ठिर सांगतो, सहदेवाला आपल्या बुद्धीचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. जन्मभर जोडीने घेतलेल्या दोन भावांना इथे प्रथमच वेगवेगळा हिशेब मिळतो. ज्याचा त्याचा दोष, ज्याचं त्याचं पडणं. कठोर आहे, पण यात एक सन्मान आहे. माणूस म्हणून स्वतंत्र मोजला जाणं म्हणजे स्वतःच्या चुकांसाठीही स्वतंत्र मोजला जाणं. जुळ्यांना आपण कौतुक जोडीने देतो. जबाबदारी एकेकट्याची द्यायला मात्र विसरतो.

लव-कुशांची एक गोष्ट 'कथासरित्सागरा'त आहे, तीही लोकांना माहीत असते. त्या गोष्टीत सीतेला एकच मुलगा, लव. ती त्याला घेऊन गेली आहे आणि वाल्मीकींना वाटतं मूल हरवलं, आता सीतेला काय तोंड दाखवू? ते कुशाच्या गवताचं तसंच मूल निर्माण करतात. सीता परत येते तर एक कडेवर आणि एक झोपडीत. इथे प्लॉटस असता तर तीन अंकी घोटाळा झाला असता. इथे काय होतं? सीता दोघांची आई होते. खरा कुठला आणि नक्कल कुठली, हा प्रश्न त्या घरात उरत नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. मघाचा साबणाचा नियम ती उलटा करते. तसाच घडवलेला मुलगा तिथे लवाची जागा घेत नाही. तो आपली स्वतःची जागा घेतो.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. जुळ्यांपैकी एक गेला तर?

शेक्सपिअरला स्वतःला जुळी होती. हॅम्नेट आणि जूडिथ, मुलगा आणि मुलगी. २ फेब्रुवारी १५८५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १५९६ च्या ऑगस्टमध्ये हॅम्नेटला पुरलं, वय ११. जूडिथ पुढे सत्त्याहत्तर वर्षांपर्यंत जगली. 'कॉमेडी ऑफ एरर्स' हॅम्नेट असतानाचं नाटक. 'ट्वेल्फ्थ नाइट' तो गेल्यानंतरचं. त्याच्या प्रयोगाची पहिली नोंद २ फेब्रुवारी १६०२ ची आहे. तारखेचा योगायोग आहे, त्यावर मी इमला बांधणार नाही. पण नाटकात काय आहे ते बघा. जुळे भाऊ-बहीण, व्हायोला आणि सेबॅस्टिअन. जहाज फुटलं, भाऊ बुडाला असं बहीण समजते, आणि पुरुषवेष करते तो भावासारखा. ती आरशात पाहते तेव्हा तिला भाऊ दिसतो.

आता मुलगा आणि मुलगी अशी जुळी वेगवेगळ्या बीजांडांपासून होतात. ती इतर भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी दिसतात. शास्त्र सोडा, ज्याच्या घरात अशी जोडी अकरा वर्षं वाढली त्या बापाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी त्याने एक चेहरा, एक आवाज आणि दोन माणसं असं लिहिलं. का? ही रंगभूमीची जुनी युक्ती आहे, एवढं उत्तर पुरेसं आहे. पण मला वाटतं, आणि हा माझा तर्क आहे, की इथे सारखेपणाचं काम बदललं आहे. पहिल्या नाटकात तो लोकांना चकवण्यासाठी होता. दुसऱ्यात तो गेलेल्याला जवळ ठेवण्यासाठी आहे.

आणि भेटीचा प्रसंग! दोघं समोरासमोर येतात, सारा दरबार थक्क झाला आहे. पण ते दोघं एकमेकांचा चेहरा पुरावा म्हणून मानत नाहीत. ते काय विचारतात? तुझ्या वडिलांच्या कपाळावर काय होतं? तीळ होता. ते कधी गेले? व्हायोला तेरा वर्षांची झाली त्या दिवशी. जगाची गफलत चेहऱ्यावरून झाली. जुळ्यांची ओळख पटली ती एका घराच्या आठवणीवरून. 'तोच' कशाने ठरतो, या प्रश्नाला नंतर जॉन लॉक यांनी तत्त्वज्ञानात स्मृती हे उत्तर दिलं. शेक्सपिअरने ते जवळजवळ नव्वद वर्षं आधी रंगमंचावर ठेवलं होतं. माझ्या कसोटीवर पूर्ण उतरणारं जुळ्यांचं नाटक हे.

मॅगी ओफॅरल यांच्या २०२० सालच्या 'हॅम्नेट' कादंबरीत आजारी पडलेली आधी जूडिथ आहे, आणि हॅम्नेट तिच्या जागी जाऊन झोपतो, मृत्यूला चकवायला. घोटाळ्याची जुनी युक्ती, पण फसवायचं आहे ते यमाला. कल्पना सुंदर आहे. तरी मला जूडिथच्या पुढच्या आयुष्याची कादंबरी वाचायला अधिक आवडेल. कारण घरात उरतं कोण? उरलेलं मूल. त्याच्या प्रत्येक वाढदिवशी दुसऱ्याचाही वाढदिवस असतो. आईबाप त्याच्याकडे बघतात तेव्हा त्याला कळत असतं की यांना दोघं दिसतायत.

थॉर्नटन वाइल्डर हा अमेरिकन लेखक असा उरलेला जुळा होता. त्याचा भाऊ जन्मतःच गेला. त्याच्या 'द ब्रिज ऑफ सॅन लुई रे' या १९२७ च्या कादंबरीत मॅन्युएल आणि एस्तेबान हे जुळे आहेत. मॅन्युएल मरतो, आणि लोक विचारतात तेव्हा एस्तेबान सांगतो, मी मॅन्युएल. मघाचे प्लॉटसचे आजोबा आठवतात का? तिथे मोठ्यांनी उरलेल्याला गेलेल्याचं नाव दिलं. इथे उरलेला स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. दोनातला एक वजा केला तर एक उरतो, हे गणित. घरात कधी कधी अर्धा उरतो.

योरुबांकडे यावर एक रीत आहे. जुळ्यांतला एक गेला की त्याची लहान लाकडी मूर्ती करून घेतात, 'एरे इबेजी' म्हणतात तिला. आई तिला न्हाऊ घालते, कपडे घालते. आपल्या शहरी मनाला हे विचित्र वाटेल. पण त्यातलं शहाणपण मला असं दिसतं की गेलेल्याला त्याची वेगळी जागा मिळते, आणि म्हणून जिवंत मुलावर त्याची जागा भरून काढण्याचं ओझं येत नाही.

एक गोष्ट विज्ञानाबद्दल. १८७५ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने जुळ्यांवर निबंध लिहिला. रक्त मोठं की संगोपन, हे त्याला मोजायचं होतं. तेव्हापासून जुळी ही प्रयोगाची सोय झाली. त्यातून खूप ज्ञान मिळालं. पण न्यूयॉर्कमधल्या तिळ्यांची हकीकत तुम्ही 'थ्री आयडेंटिकल स्ट्रेंजर्स' या २०१८ च्या माहितीपटात पाहिली असेल. तीन भाऊ तान्हेपणी तीन घरांत दत्तक दिले, आणखी भावंडं आहेत हे दत्तक आईबापांना सांगितलं नाही, आणि संशोधक येऊन त्यांचा अभ्यास करत राहिले. १९८० मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, योगायोगाने ते भेटले. वर्तमानपत्रांनी मौज केली, किती सारखे! एकाने १९९५ मध्ये आत्महत्या केली. कांट म्हणतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. काकीला जसे दोन हात दिसले, तसे इथे तीन नमुने दिसले.

शेवटचं उदाहरण. अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज', १९९७. एस्था आणि राहेल, केरळातल्या आयमेनममधली जुळी. लेखिका सुरुवातीलाच स्पष्ट करते की हे दोघं दिसायला सारखे नाहीत, त्यांच्यात कुठला कोण असा घोटाळा कधी झाला नाही. जुळ्यांच्या कादंबरीने गफलतीचं हुकमी पान पहिल्याच डावात टाकून दिलं! मग उरतं ते खरं. एकाचं स्वप्न दुसऱ्याला आठवतं. आणि मग मोठी माणसं ठरवतात आणि एस्थाला बापाकडे 'परत' पाठवून देतात. सात वर्षांची मुलं तोडली जातात, एकतिसाव्या वर्षी भेटतात. त्या घरात त्यांना जोडी म्हणून पाहिलं नाही आणि दोन म्हणूनही मोजलं नाही. एक अडचण म्हणून वाटून टाकलं.

म्हणून पुढच्या वेळी जुळ्यांची गोष्ट वाचाल, सिनेमा बघाल, तेव्हा हसून घ्या, आणि मग दोन प्रश्न विचारा. यात फसतं कोण, आणि त्याने आधी कधी नीट पाहिलं होतं का? आणि गफलत मिटल्यावर त्या दोघांना वेगवेगळं आयुष्य मिळतं का? मी इथे थांबतो. एखादा प्रश्न असेल तर जरूर विचारा.

श्रोत्या : सर, मला जुळ्या मुली आहेत, यंदा पहिलीत जातील. एकाच तुकडीत ठेवाव्यात की वेगळ्या?

मी मानसशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे नियम सांगणार नाही; एकच नियम सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटतही नाही. फक्त एक सुचवतो. दोघींना विचारा, पण एकत्र नका विचारू. एकीला घेऊन बाजारात जा तेव्हा तिला विचारा, दुसरीला दुसऱ्या दिवशी. एकत्र विचारलंत तर एक बोलेल आणि दुसरी मान हलवेल. उत्तरं वेगळी आली तर अडचण होईल, मला कल्पना आहे. तेव्हा एकीचं ऐकून दुसरीला गप्प बसवू नका. शाळेतल्या बाईंशी बोला, एक वर्ष करून बघा, पुन्हा विचारा. आणि घरी कुणी आलं की "कुठली कोण?" असं विचारतील, तेव्हा तुम्ही सांगू नका. मुलींना आपापलं नाव सांगू द्या.